पाहुण्यांच्या घोंगडीवर मनी

परवा माळ्यावरची जुनी घोंगडी उन्हात टाकली आणि तापलेल्या लोकरीच्या वासासरशी मी निमोण्याच्या आमच्या घरात जाऊन पोचले. नव्वदच्या दशकातला उन्हाळा, मी दहा वर्षांची. थोरल्या अक्काला बघायला कवठे येमाईहून पाहुणे आले होते, आणि आमची मांजर मनी चार दिवसांची बाळंतीण होती.

तिची तीन पिल्लं मी कणगीमागे गोणपाटावर जपत होते. पण त्या दिवशीच्या गडबडीत तिला ती जागा नकोशी झाली असावी. तोंडात पिल्लू धरून ती ऐटीत बाहेर आली, मुलाच्या आईशेजारी घोंगडीवर ते ठेवलं आणि दुसरं आणायला गेली. माझ्या आईचा चेहरा उतरला. आबा माझ्यावर खेकसले, "अगं, उचल ते आधी!"

"ऱ्हाऊ द्या हो," त्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिल्लावर पदर घातला. "बाळंतीण हाय ती. आमचा च्या मागनं करा, आधी तिला दूध द्या."

मी धावत दुधाची वाटी आणेपर्यंत मनीनं उरलेली दोन्ही पिल्लंही तिथं आणून ठेवली. मनी दूध पीत होती तोवर डोळेही न उघडलेली तिन्ही पिल्लं बाईंच्या मांडीला चिकटून झोपली. पाय अवघडला तरी त्या हलल्या नाहीत. मला तेव्हा फक्त पिल्लांचं सुख होतं. दाराआडून अक्का बाईंकडे किती टक लावून बघत होती, त्याचा अर्थ आज कळतो.

तोवर अक्कानं दोन स्थळं नाकारली होती. पाहुणे गेल्यावर आईनं भीतभीतच विचारलं, "मुलगा पसंत हाय का गं?"

"त्याच्याकडं नीट बघितलंच न्हाई," अक्का म्हणाली, "पण सासू पसंत हाय."