फुलाबाईच्या खाटेवरचं छत

छताला कागद लावायला दोन माणसं लागतात. एकाने खळ लावून घडी घातलेला पट्टा झाडूवर तोलून धरायचा, दुसऱ्याने तो ब्रशने दाबत पुढे सरकायचं. पेठ तालुक्यातून द्राक्षबागांच्या मजुरीला आलेले बहिरू आणि त्याची बायको फुलाबाई हे काम नाशकात शिकले. गंगापूर रोडच्या कितीतरी फ्लॅटमध्ये तिने झाडू धरला, त्याने कागद लावला.

दिवाळीनंतर फुलाबाईला अर्धांगवायू झाला, उजवं अंग गेलं. मखमलाबाद नाक्याजवळच्या खोलीत ती उताणी पडून असे, आणि वर ओलीने काळवंडलेला स्लॅब. एकदा जड जिभेने ती म्हणाली, "लोकांची छतं सजवली. मी मात्र ह्या काळ्याकडंच बघत जायची का?"

बहिरूने गळती बुजवली, महिनाभर स्लॅब वाळू दिला, खरवडून घेतला. नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावरून उडतात तसे पांढरे बगळे असलेला निळा कागद आणला. शेजारचा निवृत्ती झाडू धरायला आला.

"निवृत्ती, झेंडा नाचवतोस का? सरळ धर."

"वीस वरसं मी धरला," खाटेवरून फुलाबाई म्हणाली, "मला कधी असं बोलले नाय."

"तुला बोललो असतो तर भाकरी कोण देणार होतं?"

दुपारपर्यंत खाटेवरच्या छताला तीन पट्टे लागले. बहिरू नेहमीप्रमाणे दारात जाऊन उभा राहिला. जोड कुठेच दिसत नव्हता.

"बघ," तो म्हणाला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाखरं उलटी हायेत."

"उलटी कशी? दारातून..." तो तिथेच थांबला. गिऱ्हाईक दारातून आत येतं, म्हणून चित्र दारातून सरळ दिसलं पाहिजे, हीच त्याच्या हाताची सवय. फुलाबाईचं डोकं आतल्या भिंतीकडे होतं आणि पाय दाराकडे. तो खाटेवर तिच्याशेजारी आडवा झाला. आयुष्यभर छतं केली, पण झोपून एकही पाहिलं नव्हतं. सगळे बगळे पाठीवर पडल्यासारखे दिसत होते.

"राहू द्या हो, कोण बघतंय?" निवृत्ती म्हणाला.

"ही बघतेय."

खळ अजून ओली होती. तो स्टुलावर चढला. सकाळी लावलेला पहिला पट्टा मात्र वाळू लागला होता. ओढताच टरकन फाटला. दुसरा कागद नव्हता. उरलेले दोन त्याने श्वास रोखून सोडवले, फिरवले आणि पुन्हा खळ लावून खाटेच्या वर बसवले. कडेला हातभर स्लॅब उघडाच राहिला.

"आता?" त्याने वरूनच विचारलं.

फुलाबाईचा डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला.

"आता उडत्यात," ती म्हणाली.

बहिरूने मान वळवली आणि उगाचच ब्रशने एक कोपरा पुन्हा दाबला.