तुटलेल्या तारांवरचे बिबडे

लिंबायतच्या आमच्या गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कधी घालायचे हे अनुसयाबाई ठरवत. ज्वारी आज भिजवली की तिचा शिजवलेला घाटा चौथ्या दिवशी धोतरावर थापायचा. म्हणजे चौथ्या दिवशीचं ऊन आजच ओळखायला हवं. गावाकडच्या, पारोळ्याच्या खुणा इथे सुरतेत चालेनात, म्हणून बाईंनी नवी खूण शोधली होती. नवरा निंबा पॉवरलूमवरून आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढे यायचा.

"आज कितला तार तुटनात?"

हवा कोरडी असली की मागावर धाग्याचे तार जास्त तुटतात. दहाच्या वर तुटले की गल्लीला हुकूम: भिजाडा. निंबाभाऊ म्हणायचे, "सेठबी इतलं इचारस नई."

तेरा वर्षं असं सुरळीत चाललं. मग शहाण्णवच्या आणि सत्त्याण्णवच्या वैशाखात, तार भरपूर तुटले असताना, चौथ्या दिवशी आभाळ आलं. अकरा घरांचे बिबडे आंबले. बाईंना ते फार लागलं.

यंदा तार सकाळी तुटत, दुपारी शहाण्यासारखे वागत. त्यांची दहावीतली रंजना आईला म्हणाली, "मम्मी, टीव्हीवर सांगतात, आखी दुनियेचं हवामान बदलतंय. गरमी वाढतेय."

"गरमी वाढस तं मंग बिबडा सुकाले जोयजेत ना?"

रंजनाने पुस्तक उघडलं. भिंतीपलीकडे चहा पिता पिता मीही हाच प्रश्न स्वतःला विचारला.

शेवटी बाईंनी गल्लीला थांबवून एकटीचीच ज्वारी भिजवली. चौथ्या दिवशी भुरभुर पाऊस. बिबडे खाटेवर पंख्याखाली गेले, निंबाभाऊ झोपायला ओट्यावर आले. बाकीची घरं वाचली म्हणून बाई खूश होणार, तोच पुढे सहा दिवस कडक ऊन पडलं आणि गल्लीत कुणाचीच ज्वारी भिजलेली नव्हती. आपलं चुकलं की बरोबर आलं, हेच त्यांना कळेना. आता कुणी विचारायला येणार नाही, एवढं मात्र त्या धरून चालल्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी समोरची शोभा ज्वारीचा डबा घेऊन आली.

"आक्का, कवय भिजाडू?"

"माले काय समजस आते? टीव्हीले इचार."

"टीव्ही काय घाटा चाखाले येस का? एकलीनं चुकापेक्षा सगळ्याजनी संगे चुकूत."

बाईंनी आभाळ पाहिलं. मग ओट्याकडे वळल्या.

"आज कितला तुटनात?"

"सात," निंबाभाऊ म्हणाले.

बाईंनी शोभाच्या डब्यात हात घालून ज्वारी चाळवली.

"निम्मी भिजाड," त्या शोभाला म्हणाल्या.