सुईआधी बर्फ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या छातीत, कातडीखाली, एक लहानशी डबी बसवली. कर्करोगाचे औषध त्या डबीतून थेट मोठ्या शिरेत जाई. हातांच्या करपलेल्या शिरा चाचपण्याचा छळ संपला. परंतु डबीवरची कातडी प्रत्येक वेळी सुईने भेदावीच लागे, आणि वर्ध्याच्या दवाखान्यात ती कोणीही, काही न सांगता, भेदत असे. "सुईच तर आहे!" एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. सोसणाऱ्याचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल मी वकील म्हणून कधीच मान्य केलेला नाही. अधीक्षकांना पत्रे लिहिली. उत्तर आले नाही.

एकदा परतताना पत्नीने स्टेशनबाहेरच्या रसवंतीवरून बर्फाचा खडा मागून घेतला आणि पदराआडून दुखऱ्या जागी दाबून धरला.

"हेच आंधी लावलं असतं तं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मी आता नाई जात. मरन परवडलं."

पुढच्या खेपेस थर्मासमध्ये बर्फ भरून मी तिला कसेबसे नेले.

"असा नियम नाही," डॉक्टर म्हणाले.

"मनाई आहे काय? असल्यास लेखी दाखवा."

"अहो, कोरट मंग भरवा," पत्नी म्हणाली. "बरफ पिघलून राह्यला."

डॉक्टरांना हसू आले. रबरी हातमोज्यात बांधलेला बर्फ त्या जागी ठेवला गेला. मग जागा कोरडी केली, औषधाने पुसली, आणि सुई गेली. तिने माझी बाही धरली होती, पण नेहमीसारखी पिळली नाही.

त्यानंतरच्या खेपेस डॉक्टर दुसरे होते. "इथं हे असलं चालत नाही." तोंडी परवानगी ती देणाऱ्याबरोबरच निघून जाते. मी बोलण्याआधीच पत्नीने डबीवर तळहात ठेवला.

"बरफ नाई तं सुई नाई, डॉक्टरसाहेब. अंग माहं हाय."

डॉक्टर घड्याळाकडे पाहत उभे राहिले. शेवटी त्यांनी हातमोजा मागवला.

शेजारच्या खाटेवर एक शेतकरी बाई होती. तिच्या पाठीत सुई टोचायची होती. ती हळूच म्हणाली, "मले बी भेटन का थो बरफ?"

डॉक्टरांनी तिला फक्त कुशीवर वळायला सांगितले. परतीच्या गाडीत पत्नीला शांत झोप लागली. मी मात्र त्या बाईसाठी अधीक्षकांना पुढचे पत्र लिहायला घेतले.