आधीच्या माणसाचा रिपोर्ट

देवासला घरी बसून मी छोट्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिते. सतवासच्या एका रक्ततपासणी लॅबलाही एक लिहून दिला होता. तिथल्या मशीनची फाइल थेट वाचता येत नसे, त्यासाठी मशीनबरोबर आलेला एक छोटा प्रोग्राम लागायचा. तो मी जावा भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रामच्या फाइलच्या पोटातच बांधला, म्हणजे लॅबमध्ये एकच गोष्ट उघडावी लागे. पण पोटातला प्रोग्राम आहे तिथून चालत नाही. आधी तो बाहेर, कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरमध्ये काढावा लागतो, मग चालवायचा. तेवढं मी नीट केलं होतं.

एका सकाळी अकराच्या सुमारास तिथल्या टेक्निशियनचा फोन आला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस.

"दीदी, आज सुबह से पाँचों मरीज का हीमोग्लोबिन चौदह आ रिया है. बाकी आँकडे भी सेम टू सेम."

घरच्या लॅपटॉपवरून त्याचा कॉम्प्युटर उघडून पाहिला. सकाळी अँटीव्हायरस अपडेट झाला होता आणि बाहेर काढलेला तो छोटा प्रोग्राम त्याने संशयित समजून उडवून टाकला होता. प्रोग्राम चाललाच नव्हता. माझ्या कोडला ते कळलंही होतं, पण मीच त्याला सांगून ठेवलं होतं की अडचण आली तर लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ लिही आणि पुढे जा. पुढे जा म्हणजे छोटा प्रोग्राम ज्या फाइलमध्ये आकडे लिहून ठेवतो, ती उत्तराची फाइल वाच. फाइल तिथे होतीच, आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या धडधाकट माणसाची. ती पुसायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"भिया, छपाई बंद करा," मी घाबरून मराठीतच ओरडले. मग सावरून विचारलं, "मशीन के परदे पर असली आँकडे होंगे ना?"

तो एकेक वाचत गेला. चौघांचं ठीक होतं. पाचवी सात महिन्यांची गरोदर बाई. तिचं हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ, जिवाला धोका होईल इतकं कमी. आमचा चौदाचा कागद पाहून, लॅब ज्यांची होती त्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं. फोन बंद. पत्ता म्हणून फक्त गावाचं नाव.

सतवासची बस मिळाली. त्या तीन तासांत मी काय पाहिलं, आठवत नाही. मांडीवर लॅपटॉप उघडा होता, पण एकही ओळ लिहून झाली नाही. वाटेत बाबांचा फोन आला. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांना सगळं सांगितलं.

"अगं, पण चाललं नाही तर प्रोग्रामने तसं सांगायला नको का?" ते म्हणाले.

"हो" म्हणून मी फोन ठेवला.

लॅबला कुलूप होतं. टेक्निशियन मोटरसायकलवर तिला शोधायला गेला होता. मी पायरीवर बसून राहिले. रस्त्यावर जीप थांबली की उठायचे, पुन्हा बसायचे. तिला वाटेत काही झालं असेल तर, एवढाच एक विचार, पुन्हा पुन्हा तोच.

चार वाजता टेक्निशियन परतला, त्याच्या मागोमाग एक जीप. नवऱ्याच्या खांद्याला धरून ती जीपमधून उतरली. ओठ पांढरे पडलेले. पुन्हा रक्त काढलं. पाच पॉइंट सात. डॉक्टरांनी तिला लगेच देवासला न्यायला सांगितलं. मला एवढंच म्हणाले, "मैंने भी कागज देखा, चेहरा नहीं देखा."

मी त्याच गाडीत बसले. तिला सांगितलं की चूक माझ्या प्रोग्रामची, माझी आहे.

"मैंने तो बोला था, चक्कर आ रे हैं," ती म्हणाली. "सबने बोला, मशीन में ठीक है."

तिला रक्त चढवलं. पुढे दोन महिन्यांनी मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. डॉक्टरांनी मला काढलं नाही. मी मात्र ते सगळं पुन्हा लिहिलं. आता आधीची फाइल अगोदर पुसली जाते, आणि छोटा प्रोग्राम चालला नाही तर रिपोर्ट निघतच नाही, लाल अक्षरांत तसं दिसतं. तरी सतवासचा नंबर फोनवर दिसला की उचलण्याआधी मी लॅपटॉप उघडते.