मेंदूचा देठ

उचकी लागली की आमच्याकडे नावं घेतात. ज्याच्या नावावर थांबेल, तो आठवण काढतोय असं समजायचं. माझ्या नवऱ्याला उचकी लागली ती काल्हेरच्या गोदामात, ड्युटीवर असताना. दुपारी भिवंडीला घरी आले तरी चालूच. सासूबाई तेव्हा गणेशपुरीकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या होत्या. पलंगावर मांडी घालून त्यांनी एकेकाला हाक मारावी तशी नावं घ्यायला सुरुवात केली. नणंद, मावसभाऊ, देवाघरी गेलेले सासरे, वरच्या मजल्यावरचा लूमवाला. हे हसत होते. मीही हसले. "एखाद्या मैत्रिणीचं नाव राहिलं असेल तर सांगून टाका एकदाचं," म्हटलं आणि पाण्याचा पेला हातात दिला.

पाणी नाकातून बाहेर आलं. ठसका लागला तो थांबेचना, आवाज पार बसला. हे उठायला गेले आणि एका अंगावर कोसळले. शेजाऱ्यांची गाडी काढून ठाण्याला निघालो, तर काल्हेरला ट्रकांची ही रांग! मी काच खाली करून ट्रकवाल्यांवर हिंदीत ओरडत होते. काय ओरडले ते देवाला माहीत.

"ब्रेनस्टेम," डॉक्टर म्हणाले. "मेंदूचा देठ. अगदी खालच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडलाय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. हा देठ मी दरवर्षी फळ्यावर काढते. अंगठ्याएवढा असेल नसेल. वरच्या भागाने डोळे फिरतात, मधल्याने चेहरा हलतो, घास चावता येतो. सगळ्यात खाली, मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे, श्वास, हृदयाचे ठोके, खोकला, गिळणं. उचकीही तिथलीच. कोणी मेलं आठवण बिठवण काढत नव्हतं.

"बुद्धी शाबूत आहे," डॉक्टर मला धीर द्यायला म्हणाले. म्हणजे भूक शाबूत, तहान शाबूत, जिभेवरची चव शाबूत. फक्त घशाखाली काही उतरायचं नाही. उचकी औषधाने थांबली, पण गिळण्यावर औषध नव्हतं. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होईल, आणि तो जिवावर बेतेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नाकात नळी घालून हे घरी आले. डाळीचं पाणी, दूध, सगळं मी नळीतून सोडायची. स्वतःची थुंकीसुद्धा त्यांना गिळता येत नव्हती, सारखा नॅपकिन तोंडाशी.

"एक घोट," ते घोगऱ्या आवाजात म्हणायचे.

"नाही."

"एकच गं."

"नाही म्हटलं ना!" मी वर्गात खेकसते तशी खेकसायची आणि मोरीत जाऊन रडायची.

सासूबाईंना हे बघवत नव्हतं. "माझ्या पोराला नाकातून भरवतेस, त्याला तोंड न्हाय काय?" मी समजावलं, चित्र काढून दाखवलं. त्या चित्राकडे बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, जशी मीच वैरीण. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून आले तर पेजेची वाटी त्यांच्या हातात, चमचा ओठांशी, आणि यांनी आ वासलेला. मी हात मारला, वाटी उडाली, पेज चादरभर झाली.

"मारायचंय का त्यांना?"

"मी मारीन? माझ्या पोराला?" त्या तिथेच खाली बसल्या आणि हंबरडा फोडला. यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळले. मला दोघांचाही भयंकर राग आला. दोघांना जवळ घ्यावंसंही वाटलं, पण मी चादर बदलत राहिले.

आशा होती ती गिळण्याच्या तपासणीची. कधीकधी मेंदूची चांगली बाजू काम उचलते, असं डॉक्टर म्हणाले होते. एक्स-रेच्या पडद्यासमोर बसवून यांना घट्टसर औषधाचा चमचा भरवला. मी काचेबाहेरून यांच्या कंठाकडे डोळे लावून उभी. चल, हल, हल की रे बाबा! कंठ अर्धा वर चढला आणि अडकला. मग तोच ठसका.

"अजून वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही. काहींना लवकर येतं, काहींना येतच नाही."

रिक्षात मी यांचा ओला नॅपकिन बदलून दिला.

त्यानंतर सासूबाई आणि मी चोरून जेवायला लागलो. फोडणीचा वास जाऊ नये म्हणून दार लावायचं. सासूबाई शेजारी जाऊन दोन घास खायच्या. मी ओट्याशी उभ्यानेच काहीतरी, मग तेही सुटलं. ब्लाउज सैल व्हायला लागले.

रविवारी दुपारी यांनी हाक मारली. "ताट घे. इथे बस."

"जेवले मी."

"खोटं बोलू नकोस, मास्तरीण."

मी आमटीभात आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसले. घास तोंडात घातला, चावला. खाली उतरेचना. माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, धडधाकट होतं, तरी तो घास गालात तसाच राहिला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हे पुढे वाकले. तोंडाला सुटलेलं पाणी त्यांनी नॅपकिनने पुसलं.

"गिळ," ते म्हणाले. "घरात एकाला तरी गिळता आलं पाहिजे."