निकष कोणते, साहेब?

घरमालकीण मावशीचं नाव लिहीत नाही, पण आधी तिचंच सांगते. ती नसती तर त्या सोमवारी मी शेंद्र्याला कंपनीत न जाता घरची, चंद्रपूरची गाडी धरली असती.

कंपनीत आम्ही रबरी सील तपासायचो. चिरलेलं, फुगलेलं बाजूला टाकायचं. शनिवारी सुपरवायझर म्हणाला, "कंत्राट संपतंय. निकषात बसतील त्याच राहतील. सोमवारी साहेब एकेकीला बोलावतील."

निकष हा शब्द माझ्या ओळखीचा. घरकुलाच्या वेळी बाबाला हेच ऐकवलं होतं, निकषात बसत नाही. बाबानं का म्हणून विचारलं नाही. आमच्याकडं त्या शब्दापुढं कुणी विचारतच नाही. हात जोडून परत येतात. त्यात मी सातवीतून शाळा सोडलेली. म्हणजे काम गेलंच. खोलीवर येऊन पिशवी भरायला घेतली.

मावशी दारात वांगी निवडत होती. "कुठं निघाली गं?"

"मावशी, मी नाही बसत निकषात."

"कशाच्या?"

"ते मले कुठं माहीत आहे?"

"आगं बया! कशात बसायचं ठाऊक नाय, अन् बसत नाय म्हणती." तिनं एक वांगं पुढं केलं. "ठेवू का टाकू?"

मी देठ पाहिला, दाबून पाहिलं. बारीक भोक दिसलं. "टाका. किडकं आहे."

"आता जे जे बघितलं, ते तुझे निकष. साहेबाच्याबी अशाच चार गोष्टी असत्याल. इचार त्याला. लई तर रागवंल."

सोमवारी माझ्या आधीची रडतच बाहेर आली. मग माझा नंबर. आत साहेबांनी मान वर न करता नुसतं "हं" केलं.

"साहेब, निकष कोणते आहेत?"

त्यांनी मान वर केली. पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं.

"न सांगता खाडे करते का, खराब माल पुढं जातो का, अन् प्रेस चालवता येते का."

"आणि शिक्षण?"

"सील तपासायला?"

खाडे नव्हते, मालाची तक्रार नव्हती. रबर दाबून सील काढायची ती प्रेस मात्र येत नव्हती. तेही सांगून टाकलं.

"महिनाभरात शिक. मग बघू."

आता रोज प्रेसवर उभी राहते, अजून दोनचार सील वाकडी निघतात. महिना भरत आलाय, काय होईल ठाऊक नाही. पण राहिले किंवा गेले, एक ठरलंय. मावशीला एकदा आमच्या गावी नेईन, आईच्या हातचा नव्या तांदळाचा भात वाढीन, आणि बाबाला तिच्याशेजारी बसवून ती वांग्याची गोष्ट ऐकवीन. तिच्या उपकाराची फेड करीन, कधी ना कधी.