परसदारचा तेलकट डाग

घर विकायचं ठरलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आधी रंग देऊन घ्या, बाबा." पेठ वडगावचं एक कुटुंब रविवारी घर बघायला येणार होतं. रंगारी आला आणि घर उजळलं. फक्त परसदारच्या भिंतीवरचा एक डाग काही जाईना. रंग वाळला की तो पुन्हा पिवळट उमटायचा.

"तेल प्यालीया ही भिंत," रंगारी म्हणाला. "घरात पैलवान हुता काय कोण, सर?"

"नाही. बायको होती."

तो हसला, मग माझ्याकडे बघून ब्रश डब्यात बुडवू लागला.

थंडीत केस धुवायच्या आधी ती कोमट खोबरेल चोपडून पायरीवर उन्हाला बसायची. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची. मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. मध्येच थांबलो की म्हणायची, "वाचा की, ऐकतेय." पुष्कळदा ती झोपलेलीच असायची. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा.

"खरवडून पुट्टी भरावी लागंल," रंगारी म्हणाला. "न्हाईतर पावणं आलं की पयलं हेच बघत्यात."

त्याला चहा प्यायला पाठवलं आणि मी पायरीवर बसलो. डोकं टेकलं, तर ते डागाच्या बरंच वर गेलं. ती इतकी ठेंगणी होती हे कधी जाणवलंच नव्हतं. मी खाली सरकलो, डोकं डागावर आणलं. भिंत उन्हानं तापली होती.

रंगारी परत आला. मी उठलो.

"खरवडा," म्हणालो, आणि आत गेलो.